तरुणपणाचे सवंगडी

गेल्या ज्येष्ठ महिन्यात आमच्या मंडळाच्या कचेरीत तेरखेड्याहून एक पाकीट आले. पाकीट एक आणि आत अर्ज दोन. दोघेही विद्यार्थी एकाच शाळेतून उत्तीर्ण झालेले, दोघांनाही धाराशिवास पुढील शिक्षण घ्यावयाचे होते, आणि दोघांनी मिळून वसतिगृहातील एकच खोली मागितली होती. त्यांतील एक अर्ज आपल्या ज्ञातीतील मुलाचा होता, दुसरा नव्हता. आपल्या वसतिगृहाच्या नियमावलीप्रमाणे पहिला अर्ज त्याच आठवड्यात मंजूर झाला. दुसरा अर्ज 'सभेपुढे ठेवावा' असा शेरा मारून फायलीत ठेवण्यात आला. ती सभा आता जवळ आली आहे. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत आम्ही कोणा एका कर्तबगार पुरुषाचे चरित्र न लिहिता, तरुणपणी जुळणाऱ्या व पुढे टिकणाऱ्या मैत्रीचा जो इतिहास आपल्या जिल्ह्याने व आपल्या महाराष्ट्राने पाहिला आहे, त्यातील काही प्रसंग वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

स्मरणिकेची जुनी पाने चाळताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. आपण आपल्या थोर पुरुषांचे कुळ सांगतो, त्यांचे शिक्षण सांगतो, त्यांनी दिलेल्या देणग्यांचे आकडेही सांगतो. पण त्यांचे मित्र कोण होते, हे सांगत नाही. जणू हे पुरुष एकटेच वाढले! वास्तविक अठराव्या-विसाव्या वर्षी माणूस आईबापांपेक्षा सवंगड्यांच्या शब्दाने अधिक घडतो, हे ज्यांच्या घरी त्या वयाची मुले आहेत त्यांना आम्ही सांगावयास नको.

आरंभ आपल्या जिल्ह्यातूनच करू. तेरणेच्या काठचे तेर हे गाव संत गोरा कुंभार यांचे. तेथे त्यांची समाधी आहे. परंपरा सांगते की, गोरोबांच्या घरी एकदा संतमंडळी जमली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई आणि नामदेव हे सारे त्या मेळ्यात होते. गोरोबांना सर्वांनी वडीलपणाचा मान दिला, म्हणून ते 'गोरोबाकाका' झाले. परंतु बाकीच्यांची वये आपण कधी मनात आणतो काय? ज्ञानदेवांचा जन्म 1275 सालचा मानतात आणि त्यांनी समाधी घेतली 1296 मध्ये. नामदेवांचा जन्म 1270 चा. मुक्ताबाई तर भावंडांत सर्वांत धाकटी. म्हणजे ज्या मंडळींच्या मूर्तींपुढे आपण आज हात जोडतो, ती त्या वेळी आपल्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींच्या वयाची होती. देव्हाऱ्यात बसविल्यामुळे त्यांचे तरुणपण आपल्या दृष्टीआड झाले आहे.

तर त्या बैठकीत मुक्ताबाईंची दृष्टी कुंभाराच्या थापटण्याकडे गेली. हे कशासाठी, असे तिने विचारले. मडके पक्के भाजले की कच्चे राहिले हे याने ठोकून कळते, असे काकांनी सांगितले. मग ही बसलेली मडकीही पाहा की, असे ती म्हणाली. गोरोबा उठले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत चालले. सर्वांनी ते निमूट सोसले. नामदेवांना मात्र राग आला. तेव्हा काकांनी निर्णय दिला की, हे मडके अजून कच्चे आहे.

ही कथा कीर्तनात रंगवून सांगतात ती गुरुमहिमा वर्णावयासाठी. कारण पुढे नामदेव औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले व तेथे त्यांना उपदेश मिळाला. आम्हांस त्या कथेत आणखी एक गोष्ट दिसते. नामदेव रुसून पंढरीस गेले, विठोबापाशी त्यांनी गाऱ्हाणे केले. पण ती संगत त्यांनी सोडली नाही, आणि त्या मंडळींनीही त्यांना टाकले नाही. चारचौघांत आपल्या मित्राला 'तू कच्चा आहेस' असे सांगणारे सवंगडी आणि ते ऐकूनही परत त्यांच्यातच येऊन बसणारा तरुण, असा तो मेळा होता. आमच्या मते मैत्री जुळण्याची आणि टिकण्याची दोन्ही गुपिते या एका प्रसंगात आहेत. आज मुलाचे कोणी थोडे चुकविले तरी आपण घरून फोन करून 'त्याच्याशी बोलू नकोस' म्हणतो, हे येथे सहज आठवले. असो.

या मेळ्यातील जाती पाहा. गोरोबा कुंभार, नामदेव शिंपी, ज्ञानदेवादी भावंडे संन्याशाची मुले म्हणून ब्रह्मवृंदाने दूर लोटलेली. त्याच काळात सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी आणि चोखामेळा ही नावे त्याच मांदियाळीत घेतली जातात. चोखोबांस तेव्हा देवळाच्या पायरीवरच थांबावे लागे, हे विसरून चालणार नाही. वाळवंटात मिठी मारणारे जग व देवळात अडविणारे जग ही दोन्ही एकाच गावात होती. तरीही वाळवंटातली मिठी खोटी नव्हती. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना चोखोबा दबून गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी आणण्यास नामदेव स्वतः गेले, अशी परंपरा आहे, आणि पंढरपुरात महाद्वारासमोर आजही चोखोबांची व नामदेवांची स्थाने एकमेकांजवळ आहेत.

ज्ञानदेवांच्या मागे नामदेव 54 वर्षे जगले. मित्राच्या समाधीचे वर्णन करणारे त्यांचे अभंग वारकरी आजही कार्तिकात आळंदीस म्हणतात. दोघांनी मिळून केलेल्या तीर्थयात्रेची कथाही नामदेवांच्याच वाणीने आपल्यापर्यंत आली. आणि मग हा शिंपी उत्तरेकडे गेला, पंजाबात राहिला; तेथील घुमान गाव आजही नामदेवांचे म्हणून ओळखले जाते, आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत. 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले तेव्हा पुष्कळ मराठी माणसांना हे प्रथमच कळले. विसाव्या-पंचविसाव्या वर्षी जुळलेला एक स्नेह, त्यातील एकजण लवकर गेला, आणि दुसऱ्याने ते काम पुढे अर्धशतक वाहिले.

आता सहाशे वर्षे ओलांडून कोल्हापुरास येऊ. कारण आपल्या वसतिगृहाचे मूळ तेथे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1896 मध्ये राजाराम महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले असे वसतिगृह काढले. पण त्याचा लाभ बहुशः ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच झाला. खेड्यातील इतर जातींची मुले तेथे टिकेनात. तेव्हा महाराजांनी निराळा मार्ग धरला. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. 1906 मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांचे, 1907 मध्ये वीरशैव लिंगायत विद्यार्थ्यांचे, 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग व शिंपी विद्यार्थ्यांसाठी नामदेव बोर्डिंग. कोल्हापुरास 'वसतिगृहांची जननी' म्हणतात ते यामुळे. ज्या नामदेवांनी कुंभाराच्या अंगणात थापटणे खाल्ले, त्यांच्या नावाचे घर एका ज्ञातीपुरते निघाले, यात गंमत आहे खरी. परंतु त्या काळाकडे पाहता आम्ही तीस हसणार नाही. ज्या मुलाच्या सात पिढ्यांत कोणी शहर पाहिले नव्हते, त्याला आपल्या बोलीत बोलणारा, आपल्यासारखी भाकरी मोडणारा सोबती न मिळता तर तो महिन्याभरात गाव गाठता. ज्ञातीच्या वसतिगृहाने त्याला पहिले मित्र दिले. आपल्या मंडळाचे वसतिगृह त्याच उदाहरणावरून उभे राहिले, आणि आज या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरची पहिली पदवी त्या छपराखाली मिळालेली आहे. ते ऋण आम्ही मानतो.

परंतु त्याच कोल्हापुरात, त्याच 1908 मध्ये, दुसरी एक गोष्ट घडली. जैन बोर्डिंगात कुंभोजचा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी राहात होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाच्या समारंभास तो गेला. परत आल्यावर, स्नान केल्याखेरीज भोजनगृहात यावयाचे नाही, असे त्यास सांगण्यात आले. त्याने स्नान करण्याचे नाकारले. शेवटी त्याला बोर्डिंग सोडावे लागले. हाच विद्यार्थी पुढे कर्मवीर झाला. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी त्याने रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 मध्ये साताऱ्यास असे वसतिगृह काढले की, जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहात, आपल्या हातांनी स्वयंपाक करीत व एका पंगतीस बसत. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी आपल्या अंगावरचे सोने, अखेर मंगळसूत्रसुद्धा, मोडले. शाहू महाराजांची 1896 ची कल्पना फसली होती ती येथे साधली, याचे कारण आम्हांस वाटते ते असे: कोल्हापुरात दार उघडे होते, पण चूल वेगळी होती. साताऱ्यास चूलच एक केली. पीठ मळताना, लाकडे फोडताना, उष्टी काढताना जी ओळख होते, ती नुसत्या एका छपराखाली झोपल्याने होत नाही.

इकडे आपला मराठवाडा त्या वेळी निजामी राज्यात होता. माध्यमिक शाळा थोड्या आणि शिक्षणाचे माध्यम उर्दू. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली, तेथेही उर्दूच. आपल्या भागातील मुलास शिकावयाचे तर बार्शी-सोलापूरकडे ब्रिटिश हद्दीत जावे, नाहीतर हैदराबाद गाठावे, असा प्रकार होता. अशा काळात 1921 मध्ये आपल्याच जिल्ह्यात हिप्परगा येथे व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली. 1929 मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचे एक तरुण शिक्षक तेथे मुख्याध्यापक म्हणून आले. पुढे ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. तेथे व पुढे अंबाजोगाईस, ज्यास तेव्हा मोमिनाबाद म्हणत, बाबासाहेब परांजपे हे त्यांचे जिवाभावाचे सहकारी होते. या दोघांनी शाळा चालविली, चळवळ चालविली, तुरुंग सोसला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा इतिहास लढाया व ठरावांच्या रूपाने लिहिला जातो. त्याचा निम्मा भाग अशा शिक्षकांच्या खोल्यांतील रात्रीच्या गप्पांत घडला, असे आमचे मत आहे.

त्या संग्रामातील तरुणांच्या मैत्रीचे सर्वांत ठळक पान म्हणजे 1938 ची वंदे मातरम् चळवळ. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात औरंगाबाद येथील महाविद्यालयाच्या व हैदराबादेतील उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील मुलांनी आपल्या प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनी बंदी केली. मुलांनी ती मानली नाही, आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. लक्षात घ्या, ही मुले एका भाषेची नव्हती. मराठी, तेलुगू, कानडी अशी तिन्ही भाषांची होती. राज्यात दुसरे विद्यापीठ नव्हते. माफी लिहून दिली तर पुन्हा प्रवेश, न दिली तर वर्ष बुडाले. घरून वडिलांची पत्रे येत असणार. ती काय असतील याची कल्पना कोणासही करता येईल. अशा वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना आपल्याकडे घेतले, आणि ही मुले गटागटाने नागपुरास गेली. परक्या गावी, अपुऱ्या पैशांत, एकमेकांच्या आधाराने त्यांनी शिक्षण पुरे केले.

त्यांच्यातच करीमनगरकडील एक तेलुगू मुलगा होता. पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव हे त्याचे नाव. हा मुलगा उत्तम मराठी जाणू लागला; त्याने हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'अबला जीवितम' या नावाने तेलुगूत नेली. तो स्वामी रामानंद तीर्थांना आपले गुरू मानी. 1991 मध्ये तो भारताचा पंतप्रधान झाला, हे वाचकांस ठाऊकच आहे.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. 1913 मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. तेथील विद्यार्थी-निवासात नवल भथेना हा पारशी तरुण त्यांच्या खोलीचा सोबती झाला. 1917 मध्ये परत येऊन ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रांतिगृहात नाव लपवून राहिले, पण जात उघड होताच अकरा दिवसांत लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आणि 1920 मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यास लंडनला जाताना ज्याने पाच हजार रुपये उसने दिले, तोही पारशीच होता: नवल भथेना. एकाच समाजाच्या माणसांनी दार लावले आणि उघडलेही. फरक एवढाच की, त्यांतील एकाने त्यांच्याबरोबर खोलीत दिवस काढले होते.

बाबासाहेब आपल्या जिल्ह्यातही आले होते. 1941 च्या फेब्रुवारीत कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद झाली, तिला ते उपस्थित होते. त्या काळी या दोन समाजांतही रोटीव्यवहार सहज नव्हता. एका मांडवात दोघांना आणणे हेच त्या परिषदेचे अर्धे काम होते, असे आम्हांस वाटते.

येथवर पुरुषांचेच सांगितले, कारण लेखी इतिहासात तेच सापडते. मुलींच्या मैत्रीला आपल्याकडे इतिहास नाही, ओव्या आहेत. तेरा-चौदाव्या वर्षी लग्न होऊन गडणी चहूकडे पांगत, मग वर्षातून एकदा, नागपंचमीला माहेरी आल्या तर भेट. फेर धरावयाचा, झोक्यावर जोडीने उभे राहावयाचे आणि तेवढ्या दोन दिवसांत वर्षभराचे बोलावयाचे. ज्यांनी आपल्या आज्यांना पाहिले आहे त्यांना माहीत असेल की, सत्तराव्या वर्षीही त्या 'माझी गडन' म्हणून एखादे नाव घेताना वेगळ्याच दिसत. ज्यांची भेट वर्षाला दोन दिवस, त्यांनी साठ वर्षे नाते राखले. आमच्या खिशात दिवसभर वाजणारा फोन आहे आणि शाळेतल्या चार मुलांचा ठावठिकाणा आम्हांस सांगता येत नाही.

एक लेखी पुरावा मात्र आहे. सावित्रीबाई फुले 1856 च्या ऑक्टोबरात आजारपणामुळे नायगावी माहेरी गेल्या होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात पुण्याच्या शाळांचे काम एकट्या फातिमेवर पडले असेल, तिला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा उल्लेख आहे. जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा ज्या उस्मान शेखांनी आसरा दिला, त्यांच्या घरची ही फातिमा. त्या वेळी सावित्रीबाई 25 वर्षांच्या होत्या. आजारी माणसाच्या पत्रात दुसरीच्या श्रमांची आठवण यावी, आणि ती कुरकुर करणार नाही याची खात्रीही असावी, यापरते मैत्रीचे लक्षण आम्हांस माहीत नाही.

आता पुन्हा तेरखेड्याच्या पाकिटाकडे. सोलापूर-धुळे महामार्गावरचे, आज वाशी तालुक्यात असलेले हे गाव फटाक्यांसाठी मराठवाडाभर प्रसिद्ध आहे. दिवाळीत आपल्या अंगणात जो बार उडतो, त्यामागे तेथील हात असतात. हे काम करणाऱ्याचा जीव शेजारी बसलेल्याच्या सावधपणावर असतो. दारू भरताना बाजूच्याचा हात चुकला तर दोघेही गेले. तेथे शेजाऱ्याची ज्ञात विचारून कोणी बसत नाही. अशा गावातून आलेल्या दोन मुलांना आम्ही नियमावली वाचून दाखविली.

नियम बदलण्यास विरोध करणाऱ्यांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे, आणि ते टाकाऊ नाही. देणगीदारांनी पैसा ज्ञातीच्या मुलांसाठी दिला. उद्या आपल्याच गरीब मुलास जागा मिळाली नाही तर त्याने कोठे जावे? हा प्रश्न रास्त आहे. पण गेली दोन वर्षे वसतिगृहाच्या काही खोल्या रिकाम्या राहिल्या, हे कार्यवाहांच्या अहवालात छापलेले आहे. आपल्या मुलांचा हक्क प्रथम ठेवून उरलेल्या जागा कोणत्याही समाजाच्या गरजू विद्यार्थ्यांस द्याव्यात व भोजनगृह सर्वांचे एकच असावे, असा ठराव काही सभासदांनी दिला आहे. त्यावर आमची सही आहे. सर्व ज्ञातिबंधूंनी व भगिनींनी सभेस यावे आणि बाजूने असो वा विरुद्ध, आपले मत उभे राहून सांगावे, अशी आमची विनंती आहे. नंतर ओट्यावर बसून सांगू नये.

ज्या मुलाचा अर्ज ज्येष्ठातच मंजूर झाला, त्याने अद्याप खोलीचा ताबा घेतलेला नाही. कचेरीतून विचारणा केली तेव्हा त्याने कळविले की, दोघांनी एस. टी.चा पास काढला आहे. पहाटेच्या गाडीने ते तेरखेड्याहून निघतात आणि दिवेलागणीला परत पोहोचतात. खोलीची किल्ली कार्यवाहांच्या टेबलाच्या खणात आहे.